जाहीर करण्यासारखे काही

अक्का अर्ज वाचत नसत, अर्जावरून चालत असत. पेनाची मागची बाजू कागदाच्या माथ्यावर टेकवायची आणि एकेक रकाना ओलांडत खाली यायचे. जागा मोकळी दिसली की पेन थांबे. मग चष्म्याच्या वरून समोरच्या माणसाकडे पाहत त्या म्हणत, "रकाना इचारायलाय. सांगून टाका की."

समोरचा माणूस सांगून टाकी. कर्नाटकातल्या भालकीच्या तालुका कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर अक्का होत्या, तोवर मोकळ्या रकान्याचा कागद तिथून पुढे सरकला नाही. बिनलग्नाच्या माणसाच्या अर्जात 'पत्नीचे नाव' आले तरी तिथे 'लागू नाही' असे कन्नडमध्ये लिहून घेतल्याशिवाय त्या सोडत नसत. मराठी माणसाला मराठीत समजावत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये, आणि मुसलमान म्हातारे आले की दखनीत. "खाली नक्को छोडो बाबा, पीछे दुसरा कोई भर लेता."

तुमच्या ओळखीच्या कचेरीतही असे एखादे माणूस असेल. लोक त्याच्या पाठीमागे हसतात, आणि कागद महत्त्वाचा असला की त्याच्याच टेबलापुढे रांग लावतात.

मी अक्कांच्या समोरच्या घरात राहत असे, अजूनही राहतो. मराठी शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे मेलेल्या राजांची भांडणे जिवंत मुलांकडून पाठ करून घेतली. अक्का मला 'सर' म्हणत आणि माझ्या बायकोला 'वैनी'. त्यांना मात्र अख्खी गल्ली अक्काच म्हणे, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसेसुद्धा. नवरा लवकर गेला होता. एक मुलगी होती, ती त्यांनी त्या टेबलाच्या पगारावर इंजिनियर केली.

अक्का भित्र्या होत्या. हे मी प्रेमाने लिहितो आहे, पण लिहितो आहे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर त्या खुर्चीतून उठून, उभ्या राहून बोलत. कलबुर्गीच्या दवाखान्यात लिफ्ट असताना पाच मजले जिन्याने चढल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या की छाती धडधडते. गल्लीच्या तोंडाशी एक तांबडे कुत्रे पडलेले असे. ते इतके म्हातारे होते की भुंकण्यासाठी त्याला आदल्या दिवसापासून तयारी करावी लागली असती. तरी कचेरीतून येताना अक्का कोपऱ्यावर पिशवी छातीशी धरून उभ्या राहत आणि मी दिसलो की हाक मारत, "सर, जरा संगं चला की. ते बघायलंय माझ्याकडं."

कुत्र्याचे डोळे मिटलेले असत.

पण कागद समोर आला की त्यांची भीती वेगळीच वागे. एकदा कचेरीत ऑनलाइन दाखल्यांच्या खिडकीचे उद्घाटन झाले. मंत्री आले, फीत आली, फीत कापायची कात्री चांदीच्या ताटात आली. खिडकी मात्र आधीपासून तिथेच होती. भाषणांत क्रांती हा शब्द इतक्या वेळा आला की एखाद्या खऱ्या क्रांतीला संकोच वाटावा. शेवटी मंत्र्यांनी भेटवहीत सही केली आणि ते गाडीकडे निघाले. अक्का ती वही उचलून त्यांच्या मागे पळाल्या. पोलिसाने अडवले. अक्कांनी त्याच्या हाताखालून वही पुढे केली.

"काय झालं बाई?" मंत्री म्हणाले.

"साहेब, येळेचा रकाना राह्यला."

मंत्र्यांनी घड्याळ पाहिले आणि वेळ लिहिली. ते ठरल्यापेक्षा अडीच तास उशिरा आले होते, आणि ही गोष्ट त्यांच्याच अक्षरात सरकारी वहीत कायमची नोंदली गेली. अक्कांना नंतर दोन दिवस ताप होता.

"एवढी भीती वाटायलीय तर पळालात कामून?" मी विचारले.

"न्हाई पळाले असते तर जास्त वाटली असती, सर."

आमच्या वयाच्या, आमच्या भागातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. तेव्हा बाप पोराला शाळेत नेई, मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून वळवून डाव्या कानाला लागतो का ते बघत, आणि लागला की जन्मतारीख म्हणून एक जून लिहून टाकत. माझी जन्मतारीख तीच, माझ्या बायकोची तीच, अक्कांचीही तीच. आम्हा दोघांना त्याचे कधी काही वाटले नाही. अक्कांना वाटे.

"आई म्हणायची, मी पौषात झाले," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्या कागदात एक खोटं आदीच हाय, सर. मास्तरांनी लिवलेलं. नोकरी त्याच्यावर लागली, रिटायर बी त्याच्यावरच झाले. आता दुसरं नको."

"आमचंही तेच आहे की."

"तुमी सर हाव. तुमाला चालतंय."

हे कौतुक होते की टोमणा, ते मी ठरवू शकलो नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अक्का बसवण्णांना मानणाऱ्या घरातल्या होत्या. त्यांच्या गळ्यात दोऱ्याला एक लहान चांदीची डबी असे आणि डबीत इष्टलिंग. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेले. ते अंगावेगळे करायचे नाही. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, परत डबीत, डबी परत छातीशी. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायचा नाही, आणि शेवटी ते देहाबरोबर मातीत जायचे. मी देवाधर्मातला माणूस नाही. "हरवलं तर?" असे मी एकदा सहज विचारले. असा प्रश्न माझ्या तोंडून निघू शकतो, याबद्दल अक्कांनी फक्त माझ्या बायकोकडे पाहिले.

अक्कांची मुलगी आणि माझा मुलगा बीदरच्या कॉलेजात एका वर्गात होते. दोघेही पुढे आपापल्या संसारासह सिडनीला गेले. निवृत्तीनंतर एका वर्षी आम्ही तिघे, मी, बायको आणि अक्का, तीन महिन्यांसाठी तिकडे गेलो. मुलांनी आपसात ठरवले की म्हाताऱ्यांना क्रूझने न्यूझीलंड दाखवायचे. त्यांना स्वतःला रजा नव्हती. म्हणजे आम्हाला जग बघायला मिळणार होते आणि त्यांना घर मोकळे मिळणार होते.

अक्कांना हे त्यांच्या मुलीने फार हौसेने सांगितले.

"पाण्यावरनं?" अक्का म्हणाल्या.

"हो आई. दहा दिवस."

"आन पलीकडं दुसरा देश?"

"हो."

"मंजे कागद लागतील."

बुडण्याची भीती त्यांना त्यानंतर सुचली.

कागद लागणारच होते. जहाज सिडनीहून निघून सिडनीलाच येणार असले तरी मध्ये आम्ही देश सोडणार होतो. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर पुन्हा आत यायची मुभा आहे ना, ते पाहावे लागले. न्यूझीलंडची प्रवासपरवानगी वेगळी. आणि सर्वांत शेवटी न्यूझीलंडचे घोषणापत्र. तुमच्याजवळ खाण्याचे पदार्थ, बी-बियाणे, माती, प्राण्यांपासून झालेली कोणतीही वस्तू आहे काय? तासाभरासाठी जहाजातून खाली उतरणाऱ्यालाही ते भरावे लागते, आणि खोटे भरले तर दंड होतो. भालकीहून उदगीरला जाताना राज्य बदलते तेव्हा बसमधली निम्मी माणसे झोपलेली असतात. सीमा ओलांडायला जागे राहावे लागते, हे आम्हाला नवीन होते.

अक्कांनी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून एका कापडी पिशवीत घातल्या. त्यांच्या मुलीचा तिकडे कायम राहण्याचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता. ही गोष्ट त्यांनी मला त्या आठवड्यात अनेकदा सांगितली. "आईनं कुटं खोटं लिवलं म्हून पोरीचा कागद अडला, तर मी काय तोंड दावू, सर?"

जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या मुलाच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. घोषणापत्र मोबाइलवर भरायचे होते. तिथे पेन चालवता येत नव्हते, म्हणून अक्का काचेवर बोट न टेकवता, अंतर राखून, बोट खाली खाली आणत होत्या. प्राण्यांच्या रकान्याशी बोट थांबले. दुसरा हात छातीकडे गेला.

"हाय की," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"लिंगावर काळा लेप अस्तो. त्याच्यात राख अस्ती, गाईच्या शेणाची. आन पूजेच्या डब्यातली इबूत तर निव्वळ शेणाचीच."

"अक्का, राख झाली म्हणजे शेण संपलं."

"राख कशाची, ते सांगावं लागंल की."

"मग 'आहे' असं लिहू?"

"लिवलं तर ते उघडून बघतील?"

"बघतील."

"हात लावतील?"

"लावतील."

"ठिवून घेतील?"

"ठेवूनही घेतील," मी म्हणालो. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. वाद लवकर संपावा म्हणून बोललो.

अक्कांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कुत्र्यापुढचा, मंत्र्यापुढचा, लिफ्टपुढचा असे त्यांच्या भीतीचे सगळे चेहरे मला पाठ होते. हा त्यांतला नव्हता. "न्हाई लिवलं तर खोटं," त्या म्हणाल्या, "आन लिवलं तर..." मग उठल्या. "मी पूजा करून येते आन सांगते. तवर तुमी हात लावू नका, सर."

त्या आतल्या खोलीत गेल्या. मी तिघांच्या घोषणापत्रांत सगळीकडे 'नाही' केले आणि पाठवून दिले. कागदावर सही करताना निदान पेनाची कुरकुर ऐकू येते. इथे काहीच आवाज झाला नाही.

तुम्हाला वाटेल, मी त्यांची सुटका करायला हे केले. मीही बरेच दिवस तसेच म्हणत होतो. खरे कारण असे की मला कंटाळा आला होता आणि चहा निवत होता.

अक्का कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून बाहेर आल्या. "भरून टाकलं," मी म्हणालो. "आता काळजी करू नका."

"काय लिवलं?"

"बरोबर तेच लिहिलं."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. पण त्यांनी तो गिळला. कचेरीत त्यांनी कुणाच्याही शब्दावर कागद पुढे सोडला नव्हता. माझ्या शब्दावर सोडला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर खिडकीतल्या मुलीने आमचे तीन पासपोर्ट एकाशेजारी एक ठेवले आणि ती ओरडलीच. तिघांचाही वाढदिवस एकाच दिवशी! तिने शेजारच्या खिडकीतल्या मुलीला बोलावून दाखवले. अक्कांनी माझे कोपर घट्ट पकडले.

"धरलं, सर."

"काही धरलं नाही."

"मास्तरांनी लिवलं म्हून सांगून टाका की!"

"आमच्या भागात तो फार शुभ दिवस मानतात," मी त्या मुलीला इंग्रजीत सांगितले. ती खूश झाली. खोटे बोलायला मला किती कमी वेळ लागतो, हे अक्कांनी बहुधा तेव्हाच टिपून ठेवले.

जहाज म्हणजे तरंगते मंगल कार्यालय होते. पाच मजली जिना, झुंबरे, आणि कॅप्टनचे स्वागताचे भाषण, जे आमच्या मंत्र्यांनाही तेवढे लांबवता आले नसते. माझी बायको पहिल्या दिवसापासून डेकवर गुडघे उन्हात ठेवून बसली. अक्का कठड्यापासून दहा हात लांब, भिंतीला धरून चालत. पाण्याची भीती वाटते का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "वारं लई हाय. दोरा तुटला तर?" त्यांनी जुन्या दोऱ्यावर आणखी एक दोरा बांधून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक खोलीत एक पत्रक आले. काय काय जाहीर करायचे त्याची चित्रे होती. फळे, मध, बिया, चिखलाचा बूट, गाय. बायको वर गेली होती. अक्का ते पत्रक घेऊन आमच्या खोलीच्या दारात आल्या. त्यांचे बोट गाईवर होते.

"सर, हितं काय लिवलं तुमी?"

बाहेर पाणी आणि आत एक म्हातारी बाई, पळायला जागा नव्हती. मी सांगितले.

त्या ओरडल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर टेकल्या. बराच वेळ पत्रकाची घडी घालत राहिल्या, पुन्हा उलगडत राहिल्या.

"बदलता येतंय?"

"येतं." मी मोबाइल काढला. इंटरनेटचे चक्र फिरत राहिले. खालच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितले, समुद्रात असेच होते, बंदराजवळ कदाचित मिळेल. परत येऊन मी म्हणालो, "अक्का, डबी ब्लाउजच्या आत असते. कोण बघतंय?"

"मी बघायलेय की."

पुढचे दोन दिवस आम्ही बायकोसमोर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अक्कांचा एक हात सारखा छातीवर असे. जेवायच्या टेबलाशी त्या डाव्या हाताने डबी धरून उजव्या हाताने भाकरी नसलेल्या त्या जेवणाशी झटत. एकदा बायको पाणी आणायला उठली तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "सर, हितं कुणी मेलं तर काय करतात?"

"थंड खोली असते. परत नेऊन देतात."

"अंगावरचं काढून ठिवतात?"

मला माहीत नव्हते. आणि या वेळी मी 'नाही' म्हणालो नाही.

बंदर आले त्या सकाळीही मोबाइलवरचे चक्र फिरतच होते, आणि बायकोचा गुडघा सुजला होता. "तुम्ही दोघं जाऊन या, मी इथूनच देश बघते," ती म्हणाली. आम्ही खाली उतरलो. मोठी पत्र्याची शेड, जमिनीवर पिवळी रेघ, रांग. रांगेच्या बाजूने अंगात हिरवे जाकीट घातलेले एक छोटे कुत्रे पिशव्या हुंगत येत होते. अक्कांनी डोळे मिटले. कुत्र्याने त्यांची कापडी पिशवी हुंगली, पायापाशी नाक नेले, जरा थांबले, आणि पुढे निघून गेले. टेबलाशी एका मुलाने आमचे कागद पाहून हसून हात केला. झाले. दहा पावलांवर दार होते, दारात ऊन होते आणि उन्हात टॅक्सीवाले उभे होते. मी श्वास सोडला.

अक्का दारापाशी थांबल्या.

"सर, मी परत जायलेय."

"अक्का, सुटलो ना आपण! कुत्र्यानंसुद्धा सोडलं."

"कुत्र्याला काय वाचता येतंय?"

आणि त्या वळल्या. माणसे बाहेर येत होती, त्यांच्यातून वाट काढत त्या उलट्या निघाल्या. कुत्रे पुन्हा आडवे आले, तर त्याच्या अंगाला पदर घासून गेल्या. तांबड्या कुत्र्यासाठी मी वर्षानुवर्षे ज्यांच्या सोबत चाललो, त्या बाई. पांढऱ्या केसांची एक अधिकारी बाई बाजूच्या टेबलाशी होती. तिच्यापुढे उभ्या राहून अक्का कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम, वन डिक्लेरेशन रिमेनिंग."

दुभाषा म्हणून मला आत बोलावले. अधिकारी बाईने काय आहे विचारले, मी सांगितले. दाखवा म्हणाली. अक्का म्हणाल्या, दाखवते, पण हात लावू नका म्हणावं. मी तेही सांगितले. अक्कांनी खुर्ची नाकारली. जमिनीवर मांडी घातली, डबी उघडली आणि ते काळे, गुळगुळीत लिंग डाव्या तळहातावर घेतले. त्यांचे ओठ हलत होते. "ओम श्रीगुरु बसवलिंगाय नमः." हात इतका कापत होता की मला वाटले, आता पडते.

अधिकारी बाईने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ती कमरेत वाकली. काय आहे, कशाचे आहे, वरचा थर किती जुना, एकेक विचारत गेली. अक्कांनी एकेक सांगितले. शेण हा शब्द मी इंग्रजीत जरा हळू उच्चारला. तिने फोन करून दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावले. तो येईपर्यंत आम्ही थांबलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. अक्का हात पुढे धरून बसून होत्या आणि मी भिंतीवरचे नियम वाचत होतो, वाचलेले काहीच समजत नव्हते. तो आला, वाकला, दोघे बाजूला जाऊन बोलले. मग तिने सांगितले की हे तुमच्याजवळच राहील. पिशवीतला विभूतीचा गोळा मात्र इथे ठेवावा लागेल.

अक्कांनी गोळा दिला. "रिसीट?" त्यांनी विचारले. त्या बाईकडे आजवर कुणी राखेची पोच मागितली नसावी. तिने एका फॉर्मवर लिहून दिली. अक्कांनी ती वरून खालपर्यंत वाचली.

इथे सगळे संपायला हवे होते. पण अधिकारी बाईने पडद्यावर काही पाहिले आणि तिचा आवाज बदलला. घोषणापत्रात तर सगळीकडे 'नाही' आहे, ती म्हणाली. हे यांनी स्वतः भरले, की दुसऱ्या कुणी भरून दिले? त्यांना विचारा.

मी विचारायचे होते. माझ्या मराठीत, अक्कांना. तुम्ही म्हणाल, त्यात काय, 'मी भरले' एवढेच तिथल्या तिथे सांगायचे. मलाही आज तेच वाटते. त्या क्षणी मला दंड दिसला, माझ्या नावापुढे खोटे बोलल्याची नोंद दिसली, आणि ती नोंद फिरत फिरत माझ्या मुलाच्या दारापर्यंत गेलेली दिसली. राजांच्या भ्याडपणावर मी आयुष्यभर गुण कापत आलो होतो.

"अक्का," मी म्हणालो, "त्या विचारतायत... हे कुणी भरलं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. लिंग अजून त्यांच्या तळहातावर होते. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्यामार्फत नव्हे, थेट त्या अधिकारी बाईला सांगितले.

"सेल्फ, मॅडम. मी. माय मिस्टेक."

हात कापायचा थांबला होता.

स्वतःहून परत येऊन सांगितले, म्हणून दंड होणार नाही, पुढच्या वेळी नीट वाचून भरा, अधिकारी बाई म्हणाली. अक्कांनी मान हलवली, लिंग डबीत ठेवले, डबी पदराआड केली आणि जमिनीला हात टेकून उठल्या. मी आधार द्यायला पुढे झालो. त्यांनी माझा हात धरला नाही.

गाव बघायला आम्ही गेलो नाही. जहाजाच्या जिन्याशी मी म्हणालो, "अक्का, मी बोलायला पाहिजे होतं."

"तुमच्या पोराचा बी तितं संसार हाय," त्या म्हणाल्या. "आता माझी दोन खोटी झाली. वैनीला सांगू नका. पोरीला बी न्हाई."

त्या दुपारी त्यांनी जेवण घेतले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने कुठून तरी दहीभात मिळवून त्यांच्या खोलीत नेला.

"आज कसला उपास, अक्का?"

"हाय एक," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर आमचे बोलणे पूर्वीसारखेच राहिले. मुलीचा कागदही पुढे झाला. अक्का भालकीला परत आल्या आणि दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, सकाळची पूजा आटोपून उठता उठता गेल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. मी मागे उभा होतो. पुढे जायचे मला जमले नाही.

माझ्या बायकोला सगळ्यांचे उपास पाठ असतात. भाजी निवडता निवडता ती अजून मधूनच थांबते.

"अहो, जहाजावर अक्कांनी दोन दिवस काही घेतलं न्हाई बघा. ना सोमवार, ना शिवरात्र. कसला असंल हो तो उपास?"

मी वर्तमानपत्र जरा वर धरतो.

"त्यांच्यात असेल काही," मी म्हणतो.